चहाचे आधण

मते बाळगण्यास सरकारी परवाना लागत नाही, ही आमच्यासारख्या प्राध्यापकाच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे. बंदूक बाळगावयाची तर अर्ज करावा लागतो, कुत्रे पाळावयाचे तर शेजाऱ्यांची मर्जी सांभाळावी लागते. मत मात्र कोणीही, कशाविषयीही आणि कितीही बाळगावे. साताऱ्यात चार भिंतींच्या बाजूस संध्याकाळी फिरावयास जाणारे आम्ही चौघे आहोत. एक निवृत्त इंजिनियर, एक डॉक्टर, एक वकील आणि चौथे आम्ही. पहिल्या तिघांस आपापल्या धंद्याची खरी माहिती असल्यामुळे ते त्या विषयावर बोलण्याचे शिताफीने टाळतात. इंजिनियर राजकारणावर बोलतात, वकीलसाहेब प्रकृतीवर आणि डॉक्टर क्रिकेटवर. आणि ज्यांनी तीस वर्षे मुलांना इंग्रजी काव्य शिकविण्यापलीकडे काही केले नाही, ते आम्ही विजेवर बोलतो.

वीज गेली म्हणजे विजेविषयी बोलावे, अशी आमच्या लहानपणीची रीत होती. आता ती असतानाही बोलावे लागते. ती कोळशातून आली की पाण्यातून, वाऱ्यातून की उन्हातून, आणि येताना तिने हवेत किती कार्बन सोडला, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोहोचला आहे. ह्या बाबतीत सातारकरांस थोडी ऐट मिरविण्याचा हक्क आहे, असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत आले. कोयना आमच्या जिल्ह्यातील. आणि आमच्या पठारांवर पवनचक्क्या. ठोसेघरचा धबधबा पाहून पुढे चाळकेवाडीकडे गेलेल्या वाचकांनी त्या पाहिल्याच असतील. पाटण तालुक्यातील वनकुसवड्याच्या पठारावर तर २००० सालाच्या आगेमागे त्यांचे पीकच आले. पुढे सांगली जिल्ह्यात ढालगाव आणि जतच्या माळांवरही त्या उभ्या राहिल्या.

ह्या पवनचक्क्यांविषयी आमच्या भागात एक मत फार दिवस प्रचलित होते. २००३ च्या दुष्काळात पूर्वेकडचे शेतकरी म्हणत की, ही पाती ढग पळवून लावतात. आम्ही त्यास हसलो, आणि ढग कोठे, पाती कोठे, असा युक्तिवाद केला. त्यावर आमच्या इंजिनियर मित्रांनी नियम मोडून आपल्या विषयावर तोंड उघडले. “पावसाळ्यात एकदा चाळकेवाडीस जाऊन या,” ते म्हणाले, “ढग पात्यांना अंग घासून जातात.” खरे कारण निराळेच होते. पाऊस देणारा दमट हवेचा थर कित्येक किलोमीटर जाडीचा असतो. पाती त्याच्या अगदी तळचा पापुद्रा तेवढा ढवळतात. शिवाय त्या वर्षी जेथे एकही पवनचक्की नव्हती तेथेही पाऊस पडला नव्हता. म्हणजे शेतकऱ्यांचे मत चूक होते आणि आमचेही चूक होते. फरक इतकाच की, पीक त्यांचे जळाले होते.

वाऱ्याची आणखी एक खोड सांगितली पाहिजे. तो भरात येतो जून ते ऑगस्ट ह्या महिन्यांत, म्हणजे नेमका जेव्हा शेतावरचे पंप बंद असतात आणि घरचे पंखेही मंदावलेले असतात तेव्हा. ऑक्टोबरच्या उकाड्यात जेव्हा त्याची गरज तेव्हा तो रजेवर. डॉक्टरांचे ह्यावर म्हणणे असे की, वारा कोणाचाच नोकर नाही. २०२३ च्या ऑगस्टात बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी सतरा वर्षांची असताना धनुर्विद्येत जगज्जेती झाली, तेव्हापासून डॉक्टर वाऱ्याकडे केवळ धनुर्धराच्या नजरेने पाहतात. पवनचक्की ज्याच्यावर जगते तोच नेमबाजाचा वैरी. क्रिकेट सोडून ते दुसऱ्या खेळाकडे वळले ह्याचेच आम्हांस नवल वाटले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब दोन महिने लीड्स येथे मुलीकडे राहून आलो. जे इंग्लंड आम्ही कादंबऱ्यांतून ओळखत होतो ते तेथे भेटले नाही. जे भेटले ते अधिक मनमिळाऊ, अधिक काटकसरी आणि घरात फारच गार होते. २०२२ साली गॅसच्या किमती भडकल्यापासून पुष्कळ कुटुंबांनी हिवाळ्यात एकच खोली ऊबदार ठेवून बाकीच्या खोल्यांत स्वेटर घालून वावरण्याचा परिपाठ ठेवला होता, आणि हे सांगताना कोणास लाज वाटत नसे. आपल्याकडे विजेचे बिल जास्त आले तर आपण ते शेजाऱ्यास सांगतो, कमी आले तर दडवून ठेवतो, तेथे उलट.

मुलीच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. उभी हयात त्यांनी यॉर्कशरच्या कोळशाच्या खाणीत घालविलेली. सकाळी कुंपणापाशी ते हवेविषयी बोलत आणि आम्ही होकार भरीत असू. इंग्रज माणसाशी मैत्री करण्याचा हाच राजमार्ग आहे, हे आम्ही वर्गात शिकविलेलेच होते. हवेवरून आम्ही क्रिकेटवर आलो. १९५२ च्या जूनमध्ये ह्याच लीड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचे चार गडी एकही धाव न होता बाद झाले होते. ही आठवण त्यांनी अत्यंत सभ्यपणे काढली. बापाबरोबर ते तो सामना पाहावयास गेले होते म्हणे. आम्ही सांगितले की, त्या संघाचे कर्णधार विजय हजारे हे आमच्या शेजारच्या सांगलीत जन्मलेले, आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मद्रासला आम्ही इंग्लंडला प्रथमच कसोटीत हरविले होते. ते त्यांस ठाऊक नव्हते. मग आम्ही खाशाबा जाधवांस पुढे केले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकात गादीवर उतरला तेव्हा त्याची सवय तांबड्या मातीची होती, तरी तो सहावा आला. आणि १९५२ च्या जुलैत हेलसिंकीस त्याने कांस्यपदक मिळविले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. लंडनच्या त्या स्पर्धांविषयी मात्र म्हाताऱ्यास आमच्यापेक्षा अधिक माहिती होती. देशात रेशन चालू होते, नवे क्रीडांगण बांधलेच नाही, खेळाडूंस लष्करी छावण्यांत आणि कॉलेजांत उतरविले होते. “आमच्याकडे देण्यासारखे काही नव्हते, फक्त चहा होता,” असे ते म्हणाले.

चहाचे ते म्हणणे थट्टेचे खरे, पण त्यातच त्या देशाच्या विजेचे अर्धे रहस्य आहे. इंग्रज चहा उकळीत नाही. विजेच्या किटलीत पाण्यास आधण आणतो आणि ते पुडीवर ओततो. एक किटली सुमारे तीन किलोवॉट वीज खाते. एका घरात ह्याचे काही नाही. परंतु फुटबॉलचा मोठा सामना चालू असताना सारा देश एकाच वेळी बसलेला असतो आणि मध्यंतर होताच एकाच वेळी उठतो. ४ जुलै १९९० रोजी विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात पश्चिम जर्मनीने इंग्लंडला पेनल्टीवर हरविले, आणि शोकाकुल राष्ट्राने किटल्या लावल्या. विजेची मागणी काही मिनिटांत सुमारे २,८०० मेगावॉटनी चढली. आमच्या कोयनेचे चारी टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचे केंद्र मिळून १,९६० मेगावॉट होतात. तेव्हा त्या एका पराभवाचा चहा कोयनेसही झेपला नसता!

असला प्रसंग निभावण्यासाठी त्यांनी वेल्समध्ये दिनॉर्विग येथे, पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीच्या डोंगरात, १९८४ साली एक केंद्र उघडले. रात्री विजेला गिऱ्हाईक नसते तेव्हा खालच्या तळ्यातले पाणी वरच्या तळ्यात चढवून ठेवावयाचे आणि किटल्या लागल्या की खाली सोडावयाचे; काही सेकंदांत यंत्रे पूर्ण जोर धरतात. कोळशाची भट्टी अशी चटकन पेटत नाही आणि वाऱ्यास हाक मारून तो येत नाही. ओ देते ते पाणी. आपल्याकडे ह्याचा अनुभव ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता आला. नऊ मिनिटे दिवे मालवून आपण पणत्या लावल्या, तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटनी उतरली, आणि हा धक्का मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी आपली यंत्रे भराभर मंद करून सोसला. एरवी आपला चहा गॅसवर उकळतो, त्यात आले पडते, साखर पडते, कोणी वेलदोडा टाकतो. तो सामन्याच्या मध्यंतरात संपत नाही. म्हणून कोयनेस किटलीसाठी धावावे लागत नाही. ती संध्याकाळच्या दिव्यांसाठी धावते. घाटघरलाही दिनॉर्विगसारखेच २५० मेगावॉटचे केंद्र आहे.

हे सारे ज्ञान घेऊन आम्ही साताऱ्यास परतलो. २०२४ च्या सप्टेंबर अखेरीस मुलीचा फोन आला की, नॉटिंगहॅमशरमधील रॅटक्लिफ येथील कोळशाचे शेवटचे वीजकेंद्र त्या दिवशी बंद झाले. १८८२ साली लंडनच्या होबर्न पुलापाशी कोळशावर वीज निर्माण होऊ लागली होती. १४२ वर्षांनी तो अध्याय संपला. मुलगी आनंदात होती. आम्ही शेजारच्या आजोबांची चौकशी केली. ते म्हणाले होते की, चांगले झाले, नातवंडांच्या छातीला बरे. आणि मग, काही कारण नसताना, त्यांनी तिला आपली खाण कोठे होती ते सांगितले. ती बंद झाल्यावर तोंड बुजवून टाकले. आता तेथे कोणास दाखवावयाचे म्हटले तर काही नाही.

आम्ही फोनवरच एक लहानसे व्याख्यान दिले. इंग्रजांस हे आता सुचले. आम्ही मात्र साठ वर्षांपूर्वीच कोयना अडविली. सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पाणी पश्चिमेस न्यावयाचे, पोफळीच्या भूमिगत केंद्रात उंचावरून पाडावयाचे आणि वाशिष्ठीतून समुद्रास मिळवावयाचे; धूर नाही, राख नाही. “पाण्याच्या विजेइतकी स्वच्छ वीज जगात नाही,” असे आम्ही समारोपाचे वाक्य टाकले.

आमच्या मातोश्री पलीकडे हरभऱ्याची डाळ निवडीत बसल्या होत्या. त्यांचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. मान वर न करता त्या म्हणाल्या, “स्वच्छ असायचीच. अख्खे खोरे धुऊन काढले की तिने.”

वाचकांस येथे सांगितले पाहिजे की, आईचे माहेर कोयनेच्या खोऱ्यात होते. होते असे म्हणावयाचे, कारण ते गाव शिवसागराच्या तळाशी आहे. आम्ही हे जन्मापासून जाणतो. जसे आपले रक्त कोणत्या गटाचे हे माणूस जाणतो, तसे. म्हणजे फॉर्मवर लिहिण्यापुरते. चार भिंतींच्या वाटेवर कोयनेची थोरवी गाताना ही गोष्ट आमच्या मनात एकदाही आली नाही, हे कबूल केल्यावाचून गत्यंतर नाही.

त्या दिवशी आई पुष्कळ बोलल्या. बोलल्या म्हणजे डाळ निवडता निवडता एकेक वाक्य टाकीत गेल्या. पाणी चढू लागले तेव्हा त्या चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या. आधी खालची भातखाचरे गेली. मग वस्ती हलली. म्हशी पायी नेल्या, आणि त्यांतली एक वाटेत दोनदा मागे पळाली. देवळातला भैरोबा गाडीत कोणी धरून बसावयाचे ह्यावरून भावकीत भांडण झाले. सरकारने जमीन दिली ती सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी माळावर; साऱ्या हयातीत ज्यांनी पाऊस मोजला नव्हता, तो फक्त पडत असे, त्यांस आता आभाळाकडे पाहावयास शिकावे लागले. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली आला. कोयनेची माणसे त्याच्या कितीतरी आधी उठली होती. त्यांच्यातल्या कित्येकांची देणी इतकी रेंगाळली की २०१८ साली डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्तांस कोयनानगरला ठिय्या देऊन बसावे लागले.

“आणि वीज?” आम्ही विचारले. हा प्रश्न विचारावयास आम्हांस पन्नास वर्षे लागली होती.

“गावात दिवा कधी लागलाच नाही,” त्या म्हणाल्या. “गाव गेले ते कंदिलात गेले. नव्या जागी खांब आले तेव्हा माझे लग्न होऊन तू पाळण्यात होतास.”

मुंबईच्या गिरण्या आणि लोकल गाड्या उजळल्या, ह्यात वाईट काय झाले, असे विचारता येईल, आणि आम्ही ते स्वतःस विचारलेही. कोयना नसती तर तेवढी वीज कोळशाने केली असती. तिचा धूर कोणाच्या तरी छातीत गेला असता. हा हिशेब खोटा नाही. वकीलसाहेबांनी तो मांडलाच, आणि वर मुळशीचा दाखला दिला. १९२१ साली सेनापती बापटांनी तेथे सत्याग्रह केला, तरी धरण झालेच. इंजिनियर मात्र गप्प होते. त्यांच्या नोकरीची पहिली काही वर्षे कोयनानगरास गेली आहेत, हे आम्हांस त्या संध्याकाळी प्रथम कळले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात त्या वसाहतीची काय दशा झाली होती, हे त्यांनी जुन्या कामगारांच्या तोंडून ऐकलेले. डॉक्टरांनी क्रिकेटचा विषय काढला, आणि आम्ही सर्व जण त्यांचे ऋणी झालो.

मत हे असेच राहिले असते, म्हणजे निरुपद्रवी. परंतु मागच्या महिन्यात आमचा मामेभाऊ माळावरून आला. त्याच्या हातात कागदांची एक चळत होती. सौरविजेसाठी एक कंपनी त्याची जमीन भाड्याने मागते आहे. पाच एकर, धरणाच्या बदली मिळालेल्या रानातला उरलेला तुकडा. “दादा, तुम्ही इंग्रजी शिकलेले,” तो म्हणाला, “सही करू का नको, ते तेवढं सांगा.”

आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनात इतका अवघड प्रश्न कोणत्याही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. सूर्याच्या विजेविषयी आमचे मत तयार होते. ते आम्ही कैक वेळा मांडले आहे. दिवसा वीज मिळाली तर शेतकऱ्यास रात्री उसात पाणी पाजावयास जावे लागणार नाही, साप आणि बिबटे ह्यांची धास्ती सुटेल, कोळसा वाचेल. सारे खरे. पण भाऊ मत मागत नव्हता. तो सही मागत होता.

आई बाहेर आल्या. “इकायची का?”

“न्हाय आत्या, भाड्यानं.”

“पाण्याखाली जाणार?”

“न्हाय हो. वर काचा बसवणार. खाली जमीन हाय तशीच.”

“मग बघता येईल तिच्याकडे.” एवढे बोलून त्या आधण ठेवावयास आत गेल्या.

आम्ही चष्मा लावून वाचावयास घेतले. शेती वाहिन्यांस सौरवीज देण्याच्या राज्याच्या २०२३ च्या योजनेत खासगी जमिनीस हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे आणि दर वर्षी ३ टक्के वाढ ठरलेली आहे, एवढे आम्ही वर्तमानपत्रातून टिपून ठेवले होते. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर. पहिल्या वर्षी अडीच लाख झाले. कागदात आकडा त्याहून बराच कमी होता आणि वाढीचे नाव नव्हते. हे भावास सांगताच त्याने कपाळावर हात मारला. पण ते काही मोठे नव्हते. आकड्याचे भांडण करता येते.

वाचता वाचता रंगो बापूजींची आठवण झाली. १८३९ साली छत्रपती प्रतापसिंहांस गादीवरून दूर केल्यानंतर हा माणूस त्यांची बाजू मांडावयास विलायतेस गेला आणि चौदा वर्षे लंडनात राहून त्याने इंग्रजांच्या भाषेत इंग्रजांस अर्ज केले. तो तेथे असतानाच १८४८ साली राज्य खालसा झाले. आम्ही त्याच भाषेत पदवी घेऊन, त्याच गावात, आयुष्यभर तिच्यातल्या ऋतूंची वर्णने शिकवीत आलो. कलमे आम्ही कधी कोणास शिकविली नव्हती.

सातव्या पानावर पेन्सिल अडली. भाडेकरूस मूळ मालकाची संमती न घेता आपला हक्क दुसऱ्या कोणासही देता येईल, आणि त्या हक्कावर कर्ज काढता येईल, असे ते वाक्य होते. पुढे, त्याच वाक्याच्या शेपटीला, मुदत संपल्यावर ती वाढविण्याचा अधिकार कोणाचा, तर भाडेकरूचा. वाक्य अकरा ओळींचे होते आणि व्याकरणाची एकही चूक त्यात नव्हती. आम्ही ते मराठीत करून भावास वाचून दाखविले. त्याने ते पुन्हा वाचावयास सांगितले. पुन्हा वाचले.

“म्हंजी आमच्याच रानात आमी इचारून जायचं?”

“तसे लिहिलेले नाही,” आम्ही म्हणालो, आणि मग प्रामाणिकपणे सांगावे लागले, “जाता येईल, असेही लिहिलेले नाही.”

आई चहा घेऊन आल्या. त्यांनी कागदाकडे पाहिले, मग भावाकडे, आणि विचारले, “सही कधी मागितली आहे त्यांनी?”

“सोमवारी.”

“आज गुरुवार,” त्या म्हणाल्या, आणि कपबशी सातव्या पानावर न ठेवता बाजूच्या स्टुलावर ठेवली. आम्ही वकीलसाहेबांस फोन लावला. त्यांच्या धंद्याविषयी आम्ही त्यांस काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. ते येईपर्यंत आम्ही कोरी वही काढली आणि पहिल्या पानापासून एकेक कलम मराठीत लिहावयास बसलो.